एकही नकार नसलेली बाई

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढं, तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या भागात, सत्यशीलाबाईंना पाहून दार लावून घेणारं घर नव्हतं. असं लोक म्हणत, आणि लोकांपेक्षा जास्त त्या स्वतः म्हणत. माणूस कितीही साधा असला तरी मिरवायला त्याला काहीतरी एक लागतंच. कुणाची बैलजोडी असते, कुणाचा नोकरीवाला पोरगा असतो. सत्यशीलाबाईंचं हे होतं. वडील मूलच्या राइस मिलमध्ये पोती वाहायचे. नवरा हरिदास माजरीच्या कोळसा खाणीत, घरी यायचा तो रविवारी. बाईंनी बारावीनंतर नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स केला, सरकारी भरतीची वाट पाहता पाहता चाळिशी गाठली, आणि मग कंत्राटावर जे काम निघेल ते करत राहिल्या. पोलिओचे डोस पाजले, मलेरियासाठी काचपट्टीवर रक्त घेतलं, सिकलसेलच्या याद्या केल्या.

नऊ वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संशोधन संस्थेनं या भागात नवजात बाळांच्या थायरॉइडचा अभ्यास काढला. गळ्यात एक छोटीशी ग्रंथी असते. ती काही बाळांत जन्मापासूनच नीट काम करत नाही, आणि मग बाळाच्या मेंदूची वाढ अडते. हजार-दीड हजारात असं एखादं. बाळ तीन दिवसांचं झालं की टाचेला बारीक सुई टोचायची, जाड टिपकागदासारख्या कार्डावर पाच गोल असतात ते रक्तानं भरायचे, सावलीत वाळवायचे आणि नागपूरला पाठवायचे. आकडा वर आला तर बाळाला चंद्रपूरला न्यायचं, नसेतून रक्त घेऊन खात्री करायची आणि रोज एक गोळी सुरू करायची. अभ्यासाच्या मुख्य डॉक्टर संघप्रिया मॅडम प्रशिक्षणात फळ्यावर फक्त एक आकडा लिहून ठेवत, चौदा. चौदा दिवसांच्या आत गोळी सुरू झाली तर ते पोर चारचौघांसारखं शिकतं, पळतं, भांडतं. उशीर झाला तर गोळी देता येते, गेलेलं परत देता येत नाही.

बाळाच्या टाचेतून रक्त काढायचं म्हणजे काय, हे नागपूरच्या एसीत बसून कळत नाही. तीन दिवसांच्या बाळाला सुई म्हटलं की बाळंतीण रडते आणि घरातली म्हातारी काठी शोधते. पण सत्यशीलाबाईंची रीत वेगळी होती. घरात गेल्यावर त्या बाळाकडे पाहतसुद्धा नसत. आधी म्हातारीजवळ बसायचं, तिचा गुडघा विचारायचा, तिच्या हातचा काळा चहा घ्यायचा, तिच्या किती बाळंतपणांत किती पोरं जगली ते ऐकायचं. म्हातारी हातात आली की घर हातात आलं, हा त्यांचा नेम. मग बाळाची टाच तळव्यात धरून ऊब द्यायची, आईला म्हणायचं पाजत राहा, आणि बाळ चोखतंय तोवर सुई टोचून मोकळं व्हायचं. कितीतरी पोरं रडलीसुद्धा नाहीत.

दर सोमवारी मूलला मीटिंग असे. तिथं नागपूरचा समन्वयक सगळ्यांसमोर तक्ता वाचायचा. प्रत्येक भेटीपुढे चार खाने होते: रक्त घेतलं, नकार, घर बंद, गाव सोडलं. ज्या बाईच्या भागात नकार जास्त तिची तो जरा बिनपाण्यानंच करायचा. सत्यशीलाबाईंच्या नकाराच्या खान्यात शून्य. पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी शून्य. समन्वयक म्हणायचा, "बाईंकडून शिका." बाई मान खाली घालून हसायच्या, आणि त्या दिवशी घरी जाताना सायकल जरा हलकी चालायची.

चिखलबोडी हे धीवरांचं गाव. तळ्याचा मासा, शिंगाडा आणि उरलेल्या दिवसांत रोजी. तिथल्या मिथुनच्या घरी दिवाळीच्या आठवड्यात मुलगी झाली. आई गोकुळा, विशीतली. घरात मिथुनची आई पार्बताबाई. तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईंनी कार्ड भरून नेलं, आणि अकराव्या दिवशी सकाळी संघप्रिया मॅडमचा फोन आला.

"बाई, चिखलबोडीची मुलगी. आकडा फार वर आहे. उद्या, नाहीतर परवा चंद्रपूरला आणा. आपल्याकडे तीनच दिवस आहेत."

बाई तशाच निघाल्या. बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर नजर लागू नये म्हणून जुन्या जाळ्याचा तुकडा टांगलेला, आत शेगडीत निखारे, आणि कापडाच्या गुंडाळीत ती मुलगी झोपलेली.

"सकाळपासून झोपूनच आहे," गोकुळा कौतुकानं म्हणाली. "दूध पाजाले उठवाव लागते."

"गुणी आहे माही नात," पार्बताबाई म्हणाली. "रडत नाई का कुरकुरत नाई. शेजारच्या बाया पाहाले येतात, म्हनतात असं लेकरू पाह्यलं नाई."

सत्यशीलाबाईंच्या पिशवीत प्रशिक्षणाचा कागद होता. त्यावर लक्षणांची यादी होती, आणि यादीत पहिलंच होतं: बाळ फार झोपतं, फार शांत असतं. तो कागद त्यांना पाठ होता. तरी तोंडातून निघालं, "हाव बाई, गुणीच आहे." असं बाळ दाखवल्यावर असंच म्हणायचं असतं, ही जन्मभराची सवय. सवय पाठांतराच्या आधी बोलते.

मग त्यांनी चंद्रपूरचं काढलं. पार्बताबाईचा चेहरा पालटला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, रागावलेल्या म्हाताऱ्या बाईंना नव्या नव्हत्या. तिनं फक्त बाळाला उचलून मांडीवर घेतलं.

"गोकुळाच्या थोरल्याले असंच नेलं होतं," ती म्हणाली. "नवव्या दिवशी. दवाखान्यातली बाई म्हने पिवळा पडला, काचंत ठेवाव लागते. थंडीचे दिवस. जीपमंदी माह्या मांडीवर होता. मूल मांगं पडलं अन् तो थंडा झाला. मी त्याले तसाच धरून चंद्रपूरपर्यंत गेलो. कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं गोकुळानं जीपमंदूनच उडी टाकली असती."

गोकुळा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तुमाले मी नाई म्हनत नाई," पार्बताबाई म्हणाली. "तुमी चांगल्यासाठीच सांगून राह्यल्या. पन सव्वा मयना होऊ द्या. सव्वा मयना झाला का मीच आनून देतो तुमच्या हातात. तोवरी उंबऱ्याबाहेर नाई. एवढं आयका माह्यं."

आता इथं काय करायचं ते बाईंना शिकवलेलं होतं. कुटुंब नाही म्हणालं तर "नकार" लिहायचा आणि तिथूनच डॉक्टरांना फोन करायचा. नकार म्हणजे दोष नव्हता, नकार म्हणजे नागपूरला वाजणारी घंटा होती. पण सोमवारच्या मीटिंगनं त्या शब्दाची अशी काही दशा करून ठेवली होती की तो लिहिताना बायांचा हात अडायचा. आणि ही म्हातारी तर नकार देत नव्हतीच, असं बाईंनी मनाशी धरलं. मुदत मागत होती. जिचा नातू नेताना मांडीवरच गेला ती बाई आणखी काय मागणार? आपण हिच्याजागी असतो तर काय केलं असतं?

आणखी एक गोष्ट मनात आली, आणि तीच सगळ्यात वाईट. सत्यशीलाबाईंच्या मावशीच्या गळ्याला लिंबाएवढा गलगंड होता. थायरॉइडच तो. ती त्या गळ्यानिशी सत्तरीपर्यंत धान रोवत होती, तीन पोरींची लग्नं केली आणि म्हातारपणानं गेली. या भागात असे गळे प्रत्येकानं पाहिलेले असतात. थायरॉइड म्हणजे धीम्या चालीचं दुखणं, ते कुठं पळून जात नाही, हे बाईंच्या हाडात होतं. फळ्यावरचा चौदा आकडा वहीत होता. हाड आणि वही यांत त्या दिवशी हाड जिंकलं. सव्वा महिना व्हायला सत्तावीस दिवस राहिले होते. सत्तावीस दिवसांत काय बिघडतं?

त्यांनी तक्त्यात "घर बंद" या खान्यात खूण केली.

घर बंद असलं की आठवड्यात आणखी दोनदा जावं लागतं. त्यांनी दोनदा न जाताच दोन खुणा केल्या. मॅडमचा फोन आला, "बाई, शेजारीपाजारी विचारलं का?" बाई म्हणाल्या, "माहेरी गेली म्हणतात." मॅडमनी उलटून विचारलं नाही. चार हजार बाळांचा पसारा, आणि सांगणारी सत्यशीलाबाई. बाई म्हणाल्या म्हणजे तसंच असणार.

खोट्याचं एक असतं, कधीकधी ते मागाहून खरं होऊन बसतं. सव्वा महिना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच चिखलबोडीला गेल्या, आणि घराला कुलूप होतं. गोकुळाचा भाऊ आदल्या दिवशी येऊन तिला आणि बाळाला वैनगंगेपलीकडे, मार्कंड्याजवळच्या माहेरी घेऊन गेला होता. मिथुन तळ्यावर, पार्बताबाई बाजाराला. पार्बताबाई आपला शब्द विसरली नव्हती, तिला वाटलं बाई फोन करतील. बाईंनी मिथुनला फोन केला. तो म्हणाला, "मार्कंड्याची जत्रा झाली का येते." जत्रा महाशिवरात्रीला. तिथं मार्कंड्याला जाऊन बाळाला गाडीत घालणं दीड-दोन तासांचं काम होतं. पण गाडी मागवायची तर मॅडमना सांगावं लागणार, आणि मॅडम विचारणार की बाळंतीण महिनाभर माहेरी होती म्हणालात, मग काल कशी गेली? एक खोटं झाकायला बाईंनी आणखी अडीच महिने घालवले. त्या अडीच महिन्यांना सव्वा महिन्याची सबब नव्हती, म्हातारीची नव्हती, कोणाचीच नव्हती. ते निव्वळ त्यांचे होते.

जत्रेनंतर त्यांनी मुलीला पाहिलं तेव्हा ती चार महिन्यांची होती. जीभ ओठांबाहेर आलेली, बेंबी फुगलेली, हातपाय गार, मान धरत नव्हती. रडली तर आवाज घोगरा, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा. नाव ठेवलं होतं आचल. सत्यशीलाबाई ओट्यावर बसल्या. मग त्यांनी मॅडमना फोन केला, गाडी आली. पार्बताबाईनं या खेपेला काही म्हटलं नाही. तीच आचलला मांडीवर घेऊन बसली, आणि चंद्रपूर येईपर्यंत दर दोन मिनिटांनी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहत होती.

चंद्रपूरला नसेतून रक्त घेतलं, गोळी त्याच दिवशी सुरू झाली. संघप्रिया मॅडमनी गोकुळाला समजावून सांगितलं, की आता मुलगी वाढेल, चालेल, पण उशीर झाला आहे. चौदा दिवसांच्या आत आली असती तर गोष्ट वेगळी होती.

गोकुळानं मान वळवून सासूकडे पाहिलं. फक्त पाहिलं. त्या पाहण्यात पुढची आठ वर्षं होती.

मॅडम बाईंना बाहेर व्हरांड्यात घेऊन आल्या. त्या थकल्या होत्या. "तुमचा दोष नाही, बाई," त्या म्हणाल्या. "घरच बंद तर तुम्ही काय करणार! घरचे नुसते नाही म्हणत असते ना, तर मीच गोळ्या घेऊन घरी आले असते. दोन घरी गेले मी तशी. बाळाला हलवायची गरजच नसते हो, गोळी चमच्यात विरघळवून पाजायची, झालं. उंबऱ्याच्या आत सगळं होतं."

उंबऱ्याच्या आत सगळं होत होतं. म्हातारीचा शब्दही राहिला असता आणि पोरगीही. सत्यशीलाबाईंनी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. व्हरांड्यात तिसरं कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "हो मॅडम," आणि पदर सारखा केला.

अभ्यास तीन वर्षांनी संपला. त्याचा अहवाल निघाला, इंग्रजीत. मॅडमनी आठवणीनं बाईंना एक प्रत पाठवली आणि एक तक्ता समजावून सांगितला. त्यात एक ओळ होती, आकडा वर आला पण वेळेत संपर्क होऊ शकला नाही अशी बाळं: एक. समारंभात बाईंना प्रशस्तिपत्र मिळालं. तीन वर्षांत त्यांच्या भागातून एकही नकार नाही, असं त्यावर छापलं होतं. हरिदासनं ते फ्रेम करून भिंतीला लावलं. बाईंनी त्याला एकदा सगळं सांगून पाहिलं. तो म्हणाला, "झालं ते झालं. आता सांगून पोरीचं डोकं परत येते का?" असं म्हणणारा माणूस घरात असला की फार सोय होते.

आचलच्या गोळ्या बाईंनी आपल्याकडे घेतल्या. प्रकल्प संपला तरी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या चंद्रपूरहून गोळ्या आणत आणि चिखलबोडीला पोचवत, सहा महिन्यांनी आचलला रक्ततपासणीला नेत. गावाला वाटे, केवढं हे मन! आचल तिसऱ्या वर्षी चालली. पाचव्या वर्षी बोलायला लागली, ती दोन-दोन शब्दांचं. आता ती आठ वर्षांची आहे, पहिलीत बसते, तिच्यापेक्षा लहान पोरं तिच्यापुढं वाचतात. हसते मात्र छान.

गोकुळा बाईंना बसायला आधी पाट देई, मग पाणी. निघताना पिशवीत सुके झिंगे नाहीतर शिंगाडे. "तुमी होत्या म्हनून माही पोट्टी पायावर उभी आहे, बाई," हे वाक्य दर महिन्याला. आणि त्याला जोडून दुसरं, स्वयंपाकघराकडे तोंड करून, मोठ्यानं: "नाई तं घरच्याइनं तं मारूनच टाकली होती."

पार्बताबाई आत चुलीशी असायची. गोकुळानं तिला छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही, गोकुळा तशी नव्हतीच. तिनं फक्त सासूशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची, भांड्याला सांगायची. लग्न करून आली तेव्हा "माय" म्हणायची ती हाक बंद झाली. म्हातारीनं कधी उलट शब्द काढला नाही. ती आचलला घेऊन तळ्याच्या बांधावर, पाळीवर, बसायची आणि तिला मासे ओळखायला शिकवायची. आचल शाळेत पाढे म्हणत नाही, पण मरळ कोणती, शिंगूर कोणता, बोट ठेवून सांगते. ते पार्बताबाईनं शिकवलेलं.

दोन वर्षांपूर्वी त्याच पाळीवर सत्यशीलाबाईंना राहवलं नाही. पार्बताबाई शिंगाडे सोलत होती, आचल टरफलं पाण्यात टाकत होती. बाईंनी सगळं सांगितलं. खूण कुठं केली, कशासाठी केली, मॅडम घरी येऊ शकत होत्या, गोळी दारावरच्या जाळ्याच्या आत देता आली असती, मार्कंड्यालाही जाता आलं असतं. सांगताना त्यांना रडू आलं. म्हातारी सोलत राहिली.

"घरी आली असती डाक्टरीन?" तिनं शेवटी विचारलं.

"हाव."

"मी येऊ देल्ली असती तिले," पार्बताबाई म्हणाली. "घरात कोनी आलं तं मी काऊन नाई म्हनू?"

 मग सत्यशीलाबाई म्हणाल्या, "मी गोकुळाले सांगतो. आत्ताच चला."

"नोको," पार्बताबाई म्हणाली. "तुमी सांगसान, मंग ते तुमाले घरात येऊ देनार नाई. माह्या सुनेले मी ओळखतो. मंग गोळी कोन आनन? मिथुन आनन? त्याले आजचा वार मालूम नाई. पोट्टीची गोळी चुकन." तिनं सोललेला शिंगाडा आचलच्या हातात दिला. "माह्यं काय, मले आता आयकाची सवय झाली. माह्यावरच राहू द्या."

हे ऐकून सत्यशीलाबाईंनी काय करायला हवं होतं ते सांगायला पंडित लागत नाही. त्यांनी म्हातारीचे पाय धरले, आणि ऐकलं. म्हातारीचं ऐकण्यात त्या आयुष्यात दोनदा फसल्या, आणि दोन्ही वेळा त्यात त्यांचीच सोय होती. त्या दिवशी घरी जाऊन त्या पोटभर जेवल्या. कितीतरी वर्षांनी जेवण चवीचं लागलं, हे मी ही गोष्ट लिहून घेत होतो तेव्हा त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज इतका पडला होता की मी दुसरीकडे पाहू लागलो.

गेल्या भादव्यात पार्बताबाई तापानं गेली. चार दिवसांचा ताप. गोकुळानं शेवटपर्यंत केलं, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, तोंडात पाणी घातलं. पण बोलली नाही. म्हातारीनं दोनदा तिचा हात धरला. गोकुळानं हात काढून घेतला नाही, धरलाही नाही.

तेरवी झाल्यावर सत्यशीलाबाई गोळ्या घेऊन गेल्या. गोकुळानं पाट दिला, पाणी दिलं. आचल दारात बसून पाळीकडे पाहत होती. तिला अजून कळलं नव्हतं, रोज आजीची वाट पाहायची.

"गेली बिचारी," गोकुळा म्हणाली. "वाईट वाटते. पन बाई, माह्या मनातलं जात नाई. तिनं त्या दिवशी हाव म्हटलं असतं, तं आज माही पोट्टी..."

सत्यशीलाबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हातारीला दिलेला शब्द होता, गोळीचा प्रश्न होता, आठ वर्षांची गावातली इज्जत होती. तरी त्या बोलल्या. पाळीवर सांगितलं होतं तसंच, काही न वगळता, अडीच महिन्यांसकट.

 सगळं ऐकून झाल्यावर गोकुळानं एकच विचारलं, "तिले मालूम होतं?"

"दोन वर्षांपासून. मी सांगतलं होतं. तिनंच मना केलं, गोळी चुकन म्हणून."

गोकुळा उठली. बाईंना वाटलं आता ही आपल्याला हाताला धरून बाहेर काढणार, आणि तसं झालं तर बरंच होईल असंही वाटलं. पण गोकुळानं बाईंच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेतलं, देव्हाऱ्याजवळच्या डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण नीट लावलं. मग ती चुलीशी, सासूच्या जागेवर जाऊन बसली. तिथून तिचा आवाज आला, तो रागाचा नव्हता, आणि म्हणूनच बाईंना सहन होईना.

"दोन वर्षं तिनं माह्यं सारं आयकलं, मालूम असून. ज्या दिवशी तुमी तिले सांगतलं ना बाई, त्याच दिवशी मले सांगाले पायजे होतं. त्या दिवशी सांगतलं असतं तं मी तिले माय म्हनलो असतो."

 गोकुळानं तोंड वर केलं.

"शेवटी तिनं माहा हात धरला होता. तुमी सांगा, आता मी कोनाची माफी मागू?"